शिर, धड आणि मनुष्य

मनुष्य मेला असें केव्हां म्हणावें, हा प्रश्न वरवर पाहतां अगदीं सोपा वाटतो. ज्याचा श्वास थांबला, नाडी बंद पडली व अंग गार झालें तो मेला. एवढें ओळखण्यास पूर्वीं वैद्याचीहि गरज पडत नसे. पुण्याच्या शनिवार पेठेंत मुठेच्या कांठीं पेशवाईंत ओंकारेश्वराचें देऊळ उभें राहिलें, आणि त्या बाजूचा नदीकांठ पिढ्यान् पिढ्या पुणेकरांच्या अखेरच्या मुक्कामाची जागा होता. 'ओंकारेश्वरावर नेलें' एवढे शब्द कानीं पडले कीं पुढें कांहीं विचारावयाचें उरत नसे. त्यापूर्वीं घरांत जें कांहीं घडे तें सर्वांच्या डोळ्यांदेखत घडे. नाकाशीं सूत धरून पाहत, मुखांत गंगाजल व तुळशीपत्र घालीत, आणि सूत हालेनासें झालें म्हणजे वाड्यांतील वडील मनुष्य 'आटोपलें' असें सांगे. मरणाची खूण श्वास ही होती, आणि ती खूण पोरालाहि दिसत असे.

परंतु त्याच नदीकांठीं चिता पेटल्यावर एक निराळी समजूत आपलें अस्तित्व दाखवी. कवटी फुटून कपाळमोक्ष झाल्याशिवाय बरोबरची मंडळी माघारीं फिरत नसत. श्वास गेला तरी प्राणाचा कांहीं अंश मस्तकांत राहतो आणि तो ब्रह्मरंध्राच्या वाटेनें मोकळा करावा लागतो, असा तिचा भाव. म्हणजे मरणाचें पहिलें चिन्ह नाकाशीं आणि शेवटचें चिन्ह मस्तकाशीं, अशी दुहेरी योजना आपल्या वाडवडिलांनीं मनाशीं बाळगली होती. या दोन खुणांमध्यें काळाचें अंतर केवळ कांहीं तासांचें असल्यामुळें त्यांच्यांतील विरोध कोणास जाणवला नाहीं. गेल्या दोनशें वर्षांत शास्त्रानें हें अंतर ताणून लांबविलें, आणि आज दवाखान्याच्या अतिदक्षता विभागाबाहेर उभ्या असलेल्या कुटुंबाला तोच विरोध अत्यंत कठोर रूपानें भेटतो. आंत निजलेल्या माणसाची छाती वरखालीं होत आहे, हात ऊन लागत आहे, आणि डॉक्टर सांगत आहेत कीं तो गेला! ही स्थिति कशी उत्पन्न झाली, हें समजून घ्यावयाचें तर धडावांचून मस्तक जगविण्याच्या एका विलक्षण प्रयत्नाचा इतिहास पाहिला पाहिजे.

मनुष्याचें मनुष्यपण शरीराच्या कोणत्या भागांत राहतें, याविषयीं आपल्या प्राचीनांचें एकमत नव्हतें. छांदोग्य व बृहदारण्यक या दोन्ही उपनिषदांत इंद्रियांच्या भांडणाची प्रसिद्ध कथा आहे. आपणांत श्रेष्ठ कोण हें ठरविण्यासाठीं वाणी, डोळा, कान व मन हीं एकामागून एक वर्षभर शरीर सोडून गेलीं. मन गेलें तेव्हां शरीर मुलाप्रमाणें अजाण होऊन राहिलें, पण राहिलें. प्राण निघूं लागतांच मात्र सर्वच उपटून निघण्याची वेळ आली. या कथेच्या कर्त्यानें मनावांचून जगणारें शरीर कल्पनेनें पाहिलें होतें, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. वैद्यकांतहि मतें भिन्न होतीं. चरक व सुश्रुत यांनीं चेतनेचें स्थान हृदय मानलें. तरी चरकसंहितेंतच मस्तकाला प्राणाचा व इंद्रियांचा आश्रय म्हणून 'उत्तमांग' म्हटलें आहे, आणि भेलसंहितेनें तर मनाचें स्थान शिर व टाळू यांच्यामध्यें सांगितलें आहे.

कथावाङ्मयांत हा मतभेद अधिकच खुलून दिसतो. वेताळपंचविशींतील एका कथेंत नवरा व भाऊ या दोघांचीं शिरें देवीपुढें तुटून पडतात आणि गोंधळलेली स्त्री तीं अदलाबदल करून जोडते. आतां तिचा नवरा कोणता? ज्याच्या धडावर नवऱ्याचें शिर तोच नवरा, असा विक्रमाचा निवाडा आहे. बर्बरीकाचें तोडलेलें शिर उंच जागीं राहून सबंध भारतीय युद्ध पाहतें आणि शेवटीं त्याविषयीं निकालहि देतें. तेथेंहि जें कांहीं जाणतें तें शिर. उलट अश्विनीकुमारांनीं दध्यङ् ऋषीचें शिर काढून त्या जागीं घोड्याचें बसविलें, तरी मधुविद्या सांगणारा दध्यङ् तोच राहिला. आणि गजाननाची गोष्ट तर घरोघरची आहे! मस्तक हत्तीचें झालें म्हणून पार्वतीला तो आपला पुत्र नव्हे असें क्षणभरहि वाटलें नाहीं. पहिल्या दोन कथांत मनुष्य शिरांत आहे, पुढच्या दोहोंत तो शिराबाहेर आहे. मुरारबाजीचें धड शिर तुटल्यावरहि पुरंदरावर लढत राहिलें असें जेव्हां लोक सांगतात, तेव्हां शौर्य हें मस्तकांत नसून मनगटांत असतें, असेंच त्यांना म्हणावयाचें असतें.

या कल्पनांना प्रयोगाची जोड मिळाली ती फ्रान्समध्यें, आणि तीहि वधस्तंभाच्या पायथ्याशीं. १७९२ सालीं पॅरिसमध्यें गिलोटिन सुरू झालें. मरण तात्काळ व वेदनारहित व्हावें हा त्या यंत्राचा उद्देश सांगितला जात असे. १७९५ सालीं झोमरिंग या जर्मन शरीरशास्त्रज्ञानें उलट शंका काढली. मेंदू हें जाणिवेचें स्थान असेल, तर मान तुटल्यानंतरहि कांहीं वेळ त्या मस्तकाला आपली अवस्था कळत असली पाहिजे. मग हें यंत्र दयाळू कसें? काबानिस या फ्रेंच वैद्यानें त्याचें खंडन केलें. वाद मिटला नाहीं. परंतु 'तुटलेलें शिर किती वेळ जगतें?' हा प्रश्न त्या दिवसापासून शास्त्राच्या दप्तरीं दाखल झाला.

त्याला पद्धतशीर रूप दिलें लगाल्वा या फ्रेंच वैद्यानें. १८१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथांत सशांवरील प्रयोगांची हकीकत आहे. श्वासोच्छ्वासाची प्रेरणा मेंदूच्या बुडाशीं असलेल्या एका लहानशा भागांतून निघते, हें त्यानें दाखविलें. त्याहून धाडसाचें म्हणजे त्यानें एक अनुमान मांडलें: हृदयाच्या ऐवजीं दुसऱ्या एखाद्या साधनानें ताजें रक्त अखंड पुरवितां आलें, तर शरीराचा कोणताहि भाग, मस्तकसुद्धां, वाटेल तितका वेळ जिवंत ठेवतां येईल. त्या वेळीं असें साधन नव्हतें आणि होण्याचें चिन्हहि नव्हतें. परंतु पुढील दीडशें वर्षांच्या सर्व खटपटीचा आराखडा या एका वाक्यांत आहे.

१८५७-५८ च्या सुमारास ब्राऊन-सेकार यानें कुत्र्याचें शिर तोडून, कांहीं मिनिटांनीं त्याच्या रक्तवाहिन्यांत प्राणवायुयुक्त रक्त सोडलें. डोळे व चेहऱ्याचे स्नायू पुन्हां हालूं लागले, आणि ती हालचाल हेतुपूर्वक असावी असें त्यास वाटलें. १८८० नंतरच्या दशकांत लाबोर्द यानें वध झालेल्या गुन्हेगारांच्या मस्तकांवर असेच प्रयोग केले. त्यांस फारसें यश आलें नाहीं. अपयशाचें कारण आज सहज सांगतां येतें. मनुष्याचा मेंदू वजनानें सुमारें १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराचा अवघा पन्नासावा हिस्सा. पण विश्रांतींतहि शरीरास लागणाऱ्या प्राणवायूचा सुमारें पांचवा हिस्सा तो एकटा खातो. रक्त थांबलें कीं दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार-पांच मिनिटांत कायमची हानि होऊं लागते. असा हा उधळा व नाजूक पाहुणा पोसावयाचा तर तीन गोष्टी हव्यात: न थांबणारा पंप, रक्तांत प्राणवायु मिसळणारें कृत्रिम फुप्फुस, आणि रक्त गोठूं न देणारें औषध. एकोणिसाव्या शतकाजवळ या तिहींपैकीं एकहि नव्हती.

त्या जुळून आल्या विसाव्या शतकांत. सर्गेई ब्रुखोनेंको या रशियन वैद्यानें 'ऑटोजेक्टर' नांवाचें यंत्र तयार केलें. चेचुलिन या सहकाऱ्याबरोबर त्यानें १९२५ नंतरच्या वर्षांत कुत्र्याचें तोडलेलें शिर त्या यंत्रास जोडून तासाहून अधिक काळ जिवंत ठेवून दाखविलें. पापणीस स्पर्श करतांच डोळा मिटे, आवाज झाला कीं शिर दचके. १९४० सालीं या प्रयोगांवर एक चित्रपट निघाला. त्याच्या इंग्रजी आवृत्तीची प्रस्तावना पडद्यावर येऊन करणारा जे. बी. एस. हाल्डेन हा जीवशास्त्रज्ञ आपल्याला परका नाहीं. १९५७ सालीं तो हिंदुस्थानांत आला, येथील नागरिक झाला आणि १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारला. मरणोत्तर आपला देह काकिनाडा येथील वैद्यकीय महाविद्यालयास द्यावा, अशी त्याची इच्छा होती. रशियांतील त्या कुत्र्याच्या शिराकडे ज्या निर्विकार कुतूहलानें त्यानें पाहिलें, त्याच दृष्टीनें त्यानें स्वतःच्या देहाकडेहि पाहिलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

कल्पनाशक्तीला तर हें एक मोकळें रानच मिळालें. १९२५ सालीं बेल्यायेव या रशियन लेखकानें 'प्रोफेसर डोवेलचें शिर' ही कथा लिहिली. तींत एका शास्त्रज्ञाचें शिर यंत्रावर जिवंत ठेवून त्याच्या बुद्धीची चोरी केली जाते. १९२९ सालीं इंग्लंडांत बर्नाल या शास्त्रज्ञानें, पुढील मनुष्य म्हणजे पेटींत ठेवलेला मेंदूच असेल, असें भाकीत केलें. एकाला जी गुलामगिरी वाटली तीच दुसऱ्याला मुक्ति वाटली. परंतु दोघांनींहि एक गोष्ट न तपासतां गृहीत धरली होती: मेंदू राहिला म्हणजे मनुष्य राहिला.

मधल्या काळांत साधनें सुधारत होतीं. अवयव शरीराबाहेर जगविण्यासाठीं कॅरेल या शल्यवैद्यानें व लिंडबर्ग या वैमानिकानें मिळून केलेला कांचेचा पंप १९३५ सालीं प्रसिद्ध झाला. १९५३ सालीं अमेरिकेंत गिबन यानें हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्यानें मनुष्याच्या हृदयावर यशस्वी शस्त्रक्रिया केली. १९५४ सालीं रशियांत डेमिखोव यानें एका कुत्र्याच्या मानेवर दुसऱ्या कुत्र्याचें शिर बसविलें. तें नवें शिर पाहत असे, दूध चाटीत असे. अशा प्राण्यांपैकीं एक तर २९ दिवस जगला. मग १९६३ सालीं अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथील रॉबर्ट व्हाइट या मेंदूच्या शल्यवैद्यानें सर्वांवर कडी केली. त्यानें वानराचा मेंदू कवटींतून सबंध बाहेर काढून शरीरावेगळा जिवंत ठेवला. त्या मेंदूंतून विजेच्या लहरी उमटत होत्या. तो साखर व प्राणवायु खर्च करीत होता. १९७० सालीं त्यानें एका वानराचें सबंध शिर दुसऱ्याच्या धडावर बसविलें. शुद्धीवर आल्यावर तें शिर डोळे फिरवून पाहूं लागलें आणि तोंडाशीं आणलेल्या वस्तूस चावूं लागलें. मात्र पाठीचा कणा जोडतां न आल्यामुळें मानेखालीं त्याची सत्ता चालत नव्हती, आणि तें फार काळ जगलेंहि नाहीं. लगाल्वाचें अनुमान दीडशें वर्षांनीं खरें ठरलें.

पण खरें ठरलें म्हणजे नेमकें काय झालें? यंत्राच्या कागदावर रेघा उमटत होत्या, हें निश्चित. परंतु ज्यास डोळे नाहींत, कान नाहींत, ओठ नाहींत, त्या मेंदूस कांहीं जाणवत होतें कीं नाहीं, हें विचारण्याची वाटच प्रयोगानें बंद करून टाकली होती. जो उत्तर देऊं शकतो त्याचा मेंदू वेगळा काढलेला नसतो आणि ज्याचा वेगळा काढलेला आहे तो उत्तर देऊं शकत नाहीं. पुढें १९८१ सालीं पटनम या अमेरिकन तत्त्वज्ञानें पात्रांत ठेवलेल्या मेंदूचें उदाहरण घेऊन, अशा मेंदूच्या विचारांना अर्थ तरी कशानें येईल, असा सवाल केला. बाह्य जगाशीं ज्याचा व्यवहार तुटला त्याच्या 'झाड' या शब्दानें कोणतें झाड दाखविलें जाणार? व्हाइट स्वतः श्रद्धावान कॅथलिक होता, आणि मेंदू हेंच आत्म्याचें आसन अशी त्याची खात्री होती. त्याच्या संशोधनांतून मेंदू थंड करून शस्त्रक्रिया करण्याच्या रीतीस मोठें साहाय्य झालें, हें त्याच्या पदरीं घातलेंच पाहिजे. तरी त्या मुक्या मेंदूनें मूळ प्रश्नाचें उत्तर दिलें नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

आतां इतिहासानें एक चमत्कारिक वळण घेतलें. जग जें शोधीत होतें तें धडावांचून जगणारें मस्तक. दाराशीं येऊन उभें राहिलें तें मस्तकावांचून जगणारें धड! १९५२ सालीं कोपनहेगनमध्यें पोलिओची भयंकर सांथ आली. इब्सेन या भूलतज्ज्ञानें रोग्यांच्या गळ्यांत नळी घालून हातानें पिशवी दाबून श्वास पुरविण्याची युक्ति काढली, आणि सुमारें दीड हजार विद्यार्थ्यांनीं पाळीपाळीनें अहोरात्र त्या पिशव्या दाबून रोगी जगविले. हातांची जागा लवकरच यंत्रानें घेतली, आणि त्यांतून अतिदक्षता विभाग जन्मास आला. त्याच्या आश्रयानें असंख्य लोक वांचले. पण त्यांच्या शेजारच्या खाटांवर एक नवीन प्रकारचा रोगी दिसूं लागला. त्याचें हृदय चाले, यंत्र श्वास पुरवी, परंतु मेंदू संपूर्ण विझलेला असे. १९५९ सालीं पॅरिसचे मोलारे व गुलों यांनीं अशा २३ रोग्यांचें वर्णन प्रसिद्ध करून त्या अवस्थेस 'बेशुद्धीच्या पलीकडची अवस्था' असें नांव दिलें. नाकाशीं धरलेलें सूत आतां यंत्रच हालवीत होतें. शनिवार पेठेंतील वडील मनुष्याची खूण निरुपयोगी झाली.

हा प्रश्न महाराष्ट्राच्या दाराशीं फार लवकर आला, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. १९६७ च्या डिसेंबरांत दक्षिण आफ्रिकेंत बार्नर्ड यानें एका मनुष्याचें हृदय दुसऱ्यास बसविलें. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आंत, १६ फेब्रुवारी १९६८ रोजीं, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं तीच शस्त्रक्रिया केली. जगांतील पहिल्या मोजक्या हृदयारोपणांपैकीं ती एक होती. परळच्या महानगरपालिकेच्या रुग्णालयांत, तुटपुंज्या साधनांनिशीं, वर्षानुवर्षें कुत्र्यांवर प्रयोग करून त्यांच्या तुकडीनें ही सिद्धता केली होती. रोगी सुमारें तीन तासच जगला. परंतु शस्त्रक्रियेच्या यशापयशाहून मोठा प्रश्न तिच्या पोटांत होता. हृदय ज्याचें काढावयाचें तो मेलेला हवा, आणि हृदय तर जिवंत हवें! तेव्हां मरणाची व्याख्या हृदयावरून हालवून दुसरीकडे नेल्यावांचून ही शस्त्रक्रिया नीतीच्या चौकटींत बसतच नव्हती. तशी व्याख्या त्या दिवशीं जगांत कोठेंहि सर्वमान्य नव्हती. हार्वर्ड विद्यापीठांत बीचर यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीचा अहवाल १९६८ च्या ऑगस्टमध्यें, म्हणजे मुंबईच्या घटनेनंतर सुमारें सहा महिन्यांनीं प्रसिद्ध झाला. ज्याची शुद्ध परत येण्याची आशा नाहीं, जो आपण होऊन श्वास घेत नाहीं, ज्याच्या मेंदूच्या प्रतिक्षिप्त क्रिया लोपल्या आहेत, तो मृत समजावा, असें त्या समितीनें सुचविलें. शल्यवैद्याचा हात कायद्याच्या लेखणीच्या पुढें धांवला होता.

आपल्याकडे ती लेखणी पुढें सरावयास आणखी २६ वर्षें लागलीं. मानवी अवयवांच्या प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ सालीं संमत झाला आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून अमलांत आला. ज्या राज्यांत तो प्रथम लागू झाला त्यांत महाराष्ट्र व गोवा हीं होतीं. या कायद्यानें मेंदूच्या बुंध्याचें मरण हें मनुष्याचें मरण म्हणून मानलें. हा बुंधा म्हणजे लगाल्वानें सशांत शोधून काढलेली श्वासाची जागा ज्यांत आहे तोच भाग. चार डॉक्टरांच्या मंडळानें, सहा तासांच्या अंतरानें दोनदां तपासणी करून निर्णय द्यावा, असा नियम आहे. डोळ्याची बाहुली उजेडास दाद देते कीं नाहीं, बुबुळास स्पर्श केला तर पापणी लवते कीं नाहीं, घशांत नळी हालविली असतां ठसका येतो कीं नाहीं, आणि शेवटीं यंत्र बाजूस काढून रक्तांतील कर्बवायु वाढूं दिला तरी छाती आपण होऊन उचलते कीं नाहीं, हें पाहतात. चार माणसें आणि सहा तास! पूर्वींच्या सुताच्या धाग्याची जागा त्यांनीं घेतली आहे. मुंबई, पुणें, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथें अवयवांच्या वाटपासाठीं समन्वय केंद्रें चालतात, आणि या व्याख्येच्या आधारें आज अनेक रोग्यांस जीवदान मिळतें.

तरी या व्यवस्थेंत एक फट राहून गेली आहे. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा १९६९ चा कायदा मरणाची व्याख्या जिवंतपणाच्या सर्व खुणा कायमच्या नाहींशा होणें, एवढीच करतो. मेंदूचें नांवहि घेत नाहीं. त्यामुळें अवयवदानास संमति मिळाली तर मनुष्य मेंदूच्या मरणाबरोबर मेला, आणि नकार मिळाला तर यंत्र बंद करण्यास डॉक्टर बिचकतात व हृदय थांबण्याची वाट पाहतात, असा प्रकार घडतो. एकाच खाटेवरील एकाच मनुष्याची मरणवेळ नातलगांच्या होकार-नकारावर हलावी, हें तर्कास धरून नाहीं. आणि ज्या घरावर दुःख कोसळलें आहे त्याच्या माथीं हा गुंता मारणें दयेसहि धरून नाहीं.

याच के. ई. एम. रुग्णालयानें या प्रश्नाची दुसरी, अधिक करुण बाजूहि पाहिली. २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं तेथील परिचारिका अरुणा शानबाग हिच्यावर रुग्णालयाच्याच एका सफाई कामगारानें पाशवी हल्ला केला. कुत्र्याची सांखळी गळ्याभोंवतीं आवळली गेल्यानें तिच्या मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. मेंदूचा वरचा, विचाराचा भाग उद्ध्वस्त झाला. बुंधा शाबूत राहिला. ती श्वास घेई, झोपे, जागी होई, भरविलेलें अन्न गिळी. परंतु जी अरुणा होती ती पुन्हां बोलली नाहीं. मन निघून गेल्यावर उरलेल्या शरीराचें जें चित्र उपनिषदानें रंगविलें, तें एक वर्षाचें होतें. हिच्या बाबतींत तीं वर्षें सुमारें बेचाळीस झालीं. १८ मे २०१५ रोजीं तिचा देह शांत झाला.

तिला अन्न देणें थांबवून सुटका करावी, असा अर्ज लेखिका पिंकी विराणी यांनीं सर्वोच्च न्यायालयांत केला होता. न्यायालयानें ७ मार्च २०११ रोजीं तो नाकारला. मात्र कांहीं परिस्थितींत, उच्च न्यायालयाच्या परवानगीनें, जीवरक्षक उपचार थांबवितां येतील असें तत्त्व मान्य केलें. नाकारण्याचें कारण मोठें हृदयस्पर्शी आहे. तिची काळजी घेणाऱ्या परिचारिकांस व डॉक्टरांस ती जगावी असें वाटत होतें, आणि तिच्यावतीनें बोलण्याचा अधिकार त्यांचा, असें न्यायालयानें ठरविलें. परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्या सेवानिवृत्त झाल्या. नव्या आलेल्या मुलींनीं तिला कधीं हिंडतांना-फिरतांना पाहिलें नव्हतें. तरी तिचें अन्न, तिची अंघोळ, तिची स्वच्छता यांत खंड पडला नाहीं. ज्या शास्त्रानें मनुष्य मेंदूंत आहे असें म्हटलें, त्याला या स्त्रियांनीं शब्दानें नव्हे तर हातांनीं उत्तर दिलें. मात्र या उत्तरासहि एक प्रतिप्रश्न आहेच: ही सेवा जिची होत होती, तिची स्वतःची इच्छा काय असती? तो विचारण्याची वेळ कधींच निघून गेली होती.

तो प्रश्न आधींच विचारून ठेवतां यावा, म्हणून २०१८ च्या मार्चमध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें प्रत्येक प्रौढ मनुष्यास आपली इच्छा आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्क दिला. मीं बरा होण्याची आशा उरली नाहीं तर मला यंत्रावर किती काळ ठेवावें, हें मनुष्यानें शुद्धींत असतांना लिहावें. प्रथम त्यास न्यायदंडाधिकाऱ्याची साक्ष लागे. २०२३ सालीं ती अट शिथिल होऊन नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यापुढें तो लेख करतां येऊं लागला. आपल्या मध्यमवर्गीय घरांत मुलीच्या लग्नाचा, घराच्या वांटणीचा, फार काय श्राद्धाच्या खर्चाचाहि विचार मोकळेपणानें होतो. परंतु मरणाच्या रीतीविषयीं बोलूं लागणारास 'अभद्र बोलूं नये' म्हणून गप्प करण्याची आपली रीत आहे. त्यामुळें निर्णयाचा भार शेवटीं अशा माणसावर पडतो, ज्याला त्या क्षणीं विचार करण्याची शक्तिच नसते. आणि पुढें आयुष्यभर तो स्वतःस विचारीत राहतो कीं मीं योग्य केलें कीं नाहीं.

इकडे मूळ प्रयोगहि थांबलेला नाहीं. १९ एप्रिलच्या आठवड्यांत, २०१९ सालीं, अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या सेस्तान व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध जगापुढें आला. खाटीकखान्यांतून आणलेले ३२ डुकरांचे मेंदू, प्राणी मारल्यावर चार तासांनीं, एका यंत्रास जोडून त्यांत कृत्रिम रक्तासारखा द्रव सहा तास फिरविण्यांत आला. पेशींचा ऱ्हास थांबला. रक्तवाहिन्या औषधास दाद देऊं लागल्या. मेंदू साखर व प्राणवायु वापरूं लागला. चार-पांच मिनिटांत सर्व संपतें ही समजूत इतकी सरसकट खरी नव्हे, असें दिसून आलें. पण या निबंधांतील सर्वांत बोलकी गोष्ट निराळीच आहे. त्या द्रवांत मज्जापेशींची उत्तेजना दडपणारें औषध मुद्दाम मिसळलें होतें, आणि जाणिवेचें कांहीं चिन्ह दिसलेंच तर तें तात्काळ थांबविण्यासाठीं भूल व थंडावा यांची तयारी ठेवली होती. सबंध मेंदूची एकत्रित विद्युल्लहर उमटली नाहीं, आणि ती न उमटल्याचा शास्त्रज्ञांस आनंदच झाला! ब्रुखोनेंकोनें कुत्र्याच्या पापणीस बोट लावलें तें जाग पाहण्यासाठीं. येलच्या शास्त्रज्ञांनीं भूल हाताशीं ठेवली ती जाग येऊं नये म्हणून. शंभर वर्षांत शास्त्राची शक्ति वाढली, तशी त्याची भीडहि वाढली. आणि ही भीड म्हणजे दुर्बलता नव्हे.

या सर्व इतिहासाचा निष्कर्ष काय? मेंदूवांचून मनुष्य नाहीं, एवढें निश्चित ठरलें आहे, आणि त्यावर आधारलेला आपला १९९४ चा कायदा योग्य आहे. बुंधा मेल्यानंतर खाटेवर हालणारी छाती ही यंत्राची आहे, आपल्या माणसाची नव्हे. तें मानून त्याचे डोळे, मूत्रपिंडें, यकृत व हृदय दुसऱ्यास देणें हें कपाळमोक्षाची वाट पाहण्याइतकेंच धर्म्य कृत्य आहे. परंतु यावरून मेंदू म्हणजेच मनुष्य, हें मात्र सिद्ध होत नाहीं. व्हाइटच्या पात्रांतील मेंदू जिवंत होता, पण त्यास कोणी हांक मारीत नव्हतें आणि त्याला कोणास ओ देतां येत नव्हती. अरुणेचें मन विझलें होतें, तरी तिला हांक मारणारीं माणसें शेवटपर्यंत होतीं. जगण्यास मेंदू लागतो. मनुष्य म्हणून जगण्यास हांक आणि ओ हीं दोन्ही लागतात. पार्वतीनें हत्तीचें मस्तक पाहूनहि पुत्रास पुत्रच म्हटलें, यांतील शहाणपण प्रयोगशाळेनें खोटें पाडलेलें नाहीं.

नाकाशीं सूत धरण्याचे दिवस गेले. आतां तें सूत आपल्या हातीं यंत्राच्या कळीच्या रूपानें आलें आहे, आणि तें केव्हां सोडावें हें आपणांसच ठरवावें लागणार आहे. तो निर्णय डॉक्टरच्या दारांत, डोळ्यांत पाणी असतांना घेण्यापेक्षां, घरांत सर्व मंडळी धडधाकट असतांना, एखाद्या निवांत संध्याकाळीं एकमेकांची इच्छा विचारून ठेवणें, हेंच शहाण्या कुटुंबाचें कर्तव्य होय.